माणसाला गुण नव्हते

मी आता जे सांगणार आहे ते बुऱ्हाणपुरात सोडाच, आपल्या दापोरा गावच्या पारावरसुद्धा कोणी खरं मानणार नाही. नका मानू. शेंगा सोला आणि ऐका.

इंदूरहून विपुल नावाचा इंजिनिअर केळी पिकवायच्या थंड खोल्या पाहायला आला, आणि पहिल्याच दिवशी त्याने भलत्याच खोलीचं दार उघडलं. आत मालकाची मुलगी ज्योत्स्ना. एका हातात केळं, दुसऱ्यात टॉर्च.

“दार लावा आधी,” ती म्हणाली. “माझी थंडी पळतेय.”

विपुलने दार लावलं… पण स्वतः आतच राहिला. बाहेर पडताना दार तिनेच उघडलं, आणि पुढे ती रीतच पडली.

त्याचं काम ऐकाल तर हसाल. खोलीतला गारवा, केळी पिकवणारा गॅस, पंखे आपोआप सांभाळणारा कंट्रोलर तो स्वतः बनवत नव्हता, संगणकात वाढवत होता.

“हजारो कंट्रोलर जन्माला घालतो,” त्याने तिला समजावलं. “संगणकातच एक खोटी खोली चालवून प्रत्येकाची परीक्षा घेतो. नापास ते बाद. पास झालेल्यांच्या जोड्या लावतो, त्यांची पोरं परत परीक्षेला.”

“जोड्या लावता… पत्रिका न पाहता?”

“गुण पाहतो. केळी एकसारखी पिकली तर गुण. वीज वाचली तर गुण.”

“आणि शेवटी उरतो तो कसा विचार करतो, ते कळतं तुम्हाला?”

ते विपुलला कळत नव्हतंच. त्या कंट्रोलरची त्याला मनातून भीती वाटायची, आणि ज्योत्स्नाने असं रोखून पाहिलं की जास्तच.

कंट्रोलर बसवला त्या दुपारी दोघं आत गेले. अर्धवट पिकलेली केळी, गोड जड हवा. तेवढ्यात हवा बाहेर फेकणारा पंखा मंदावला… थांबला. विपुलने भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा फिरला, परत थांबला. मोबाइलला रेंज नाही.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पंखा वीज खातो. बंद ठेवला की गुण. पिकती केळी श्वास सोडतात, माणूस त्यात गुदमरतो, पण त्या खोट्या खोलीत माणूस कधी शिरलाच नव्हता.

“माणसाला गुण ठेवलेच नाहीत मी,” तो पुटपुटला. “दार उघड.”

ज्योत्स्ना दाराशीच होती. “उघडत नाहीये.”

कसं उघडेल? दार उघडलं की थंडी पळते, गुण जातात. त्या बहाद्दराने उरलेल्या पंख्यांनी हवा ओढून दार असं चिकटवलं होतं की चार हमालांनाही हललं नसतं.



“ज्योत्स्ना, हे शेवटचं असेल तर… एक सांगायचंय.”

“सांगा. हवा वाया घालवू नका.”

“काम कधीच संपलं होतं. मी उगाच पिढ्यांवर पिढ्या वाढवत बसलो. इथे येता यावं म्हणून.”

“मग मला किती गुण?”

“तुझी परीक्षा घ्यायची… हिंमतच नाही झाली.”

तिने त्याचा हात धरला. आणि ऐका हं, त्या यंत्रालाही पाझर फुटला. दार आपोआप…

“लोटूआबा,” माझ्या मागून आवाज आला. चहाचा ट्रे घेऊन ज्योत्स्ना उभी होती. “पंखा बंद पडला ते खरं. दाराचं खोटं. त्याला आतून दांडा आहे, ढकलला की उघडतं.”

कोपऱ्यात शेंगा सोलणारा विपुल थांबला. “तो दांडा तर नंतर बसवला असं म्हणाली होतीस.”

“आधीपासूनच होता,” ती त्याच्यापुढे कप ठेवत म्हणाली. “मी त्याला पाठ लावून उभी होते. तुम्ही बोलेपर्यंत.”