दाढोबाचा उजेड कुणी अडवला?

“आणखी किती वेळा उचलायची ह्याची हनुवटी! हात भरून आला माझा!”

मामी स्वतःशीच पुटपुटली. पण तिच्या पाठीमागे समुद्र होता, आणि समुद्रामागे तीन जण लपले होते.

समुद्र कापडावर रंगवलेला होता. मामाच्या फोटो स्टुडिओत असे बरेच देखावे होते: डोंगर, बाग, राजवाड्याचा जिना. सुट्टीतल्या लपंडावाला यापेक्षा चांगली जागा कुठली?

“कुणाची हनुवटी?” भिंगरी कुजबुजली. तिचे पाय एका जागी ठरत नसत, म्हणून ती भिंगरी.

“माझी नाही,” तिचा धाकटा भाऊ टिल्लू म्हणाला. “माझी जागेवर आहे.”

तिसरा होता मामाचा मुलगा, प्रोफेसर. हा शाम्पूच्या बाटलीवरचा मजकूरही शेवटपर्यंत वाचायचा. त्याने कापडाच्या फटीतून कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि भिंगरीला कोपराने ढोसलं.

पडद्यावर एका फ्रॉकवाल्या मुलीचा फोटो होता. तिच्या खांद्यावर दाढोबा! मामी माउसने त्याची हनुवटी वर ओढत होती. मान ताठ झाली. मग मळकट अंगावर तिने पिवळा रंग फिरवला. डोळ्यांत चमक टाकली. दाढोबा झकास दिसू लागला!

“हा तर बनाव आहे!” भिंगरी म्हणाली, आणि ते इतक्या मोठ्याने म्हणाली की समुद्र हलला.

“कोण आहे रे तिकडे?” मामी दचकली. “लाटांतून बाहेर या आधी!”

दाढोबा म्हणजे प्रोफेसरचा बिअर्डेड ड्रॅगन. नाव भारदस्त असलं तरी प्राणी वीतभर अंगाचा आणि तेवढ्याच शेपटीचा सरडाच! रागावला की गळ्याखालची काटेरी दाढी फुगवायचा. प्रोफेसर वसतिगृहात राहायला गेला तेव्हा दाढोबाला आईबाबांवर सोपवून गेला होता. मामाने त्याची काचेची पेटी स्टुडिओत मांडली, आणि ‘ड्रॅगनबरोबर फोटो’ काढायला पोरांची रीघ लागली.

गेल्या सुट्टीत हाच दाढोबा प्रोफेसरच्या बुटाच्या नाडीवर झडप घालायचा. आता तो पेटीच्या तळाशी हनुवटी टेकून पडला होता. प्रोफेसरने उचलायला हात घातला तेव्हा दाढोबाचा मागचा पाय थरथरला.

“आई, हा असा का?”

“सुस्तावलाय रे,” मामी म्हणाली, पण पेटीकडे न बघताच.

“वयात आलाय,” मामाने कॅमेऱ्याची काच पुसता पुसता निकाल दिला. “लहानपणी तूसुद्धा घरभर उड्या मारायचास. आता बसतोस ना पुस्तक घेऊन?”

“मामा, पुस्तक वाचताना त्याचा पाय थरथरतो का?” भिंगरीने विचारलं.

“तू जास्त बोलतेस हं! उद्या सकाळी खेळण्यांच्या दुकानाचे मालक येतायत. दुकानभर लावायला मोठे फोटो हवेत त्यांना. खेळण्यातला किल्ला आणि किल्ल्यावर आपला ड्रॅगन! तोपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. समजलं?”

“नाही समजलं,” भिंगरी म्हणाली. पण तेवढ्यात मामाचा फोन वाजला, त्यामुळे ती वाचली.

दुपारी मामा-मामी वर जेवायला गेले आणि तपास सुरू झाला.

“पहिला संशयित!” टिल्लूने पेटीजवळची वाटी उचलली. “द्राक्षं! मामा फोटोच्या वेळी द्राक्ष दाखवतो, म्हणजे हा कॅमेऱ्याकडे मान वळवतो. फोटो काढायला आलेली पोरं पण भरवतात. मी पाहिलंय.”

“तू पण भरवलंस?”

“एकच! बाकीची मी खाल्ली. त्याच्या भल्यासाठी!”

प्रोफेसरने पेटी उघडली. एका कोपऱ्यात सॅलडच्या पानांचा पांढरट चोथा पडला होता. “त्याला गडद हिरवी पानं लागतात. मोहरीची पानं, भोपळ्याचा कीस. मधून मधून रातकिडे, आणि त्यांच्यावर कॅल्शियमची पूड. ही पानं म्हणजे नुसतं पाणी. आणि पुडीचा डबा...” त्याने कपाटामागे हात घालून डबा काढला. झाकणावर धुळीचा थर होता. “मी जाताना आईला सगळं समजावून सांगितलं होतं!”

“म्हणजे हाडं कच्ची,” टिल्लू म्हणाला. “सापडला चोर! चला, पानं आणू.”

“थांब,” प्रोफेसर म्हणाला. “पेटीतल्या ड्रॅगनला नुसतं कॅल्शियम खाऊन भागत नाही. ते हाडांत जिरायला अंगावर अतिनील किरणं पडावी लागतात, उन्हात असतात तशी. म्हणून तर एक दिवा ऊब द्यायला आणि ही लांब नळी त्या किरणांसाठी. पण नळी तर चालू दिसतेय.”

“दिसतेय! पण किरणं येतायत का?” भिंगरीने मनगटातलं ब्रेसलेट ओढून काढलं. “माझे मणी सांगतील!”

ते मणी गमतीचे होते. घरात पांढरे आणि उन्हात गेलं की जांभळे. भिंगरी दाराबाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली. मणी जांभळेगार! आत येऊन पांढरे होईपर्यंत तिघं श्वास रोखून बसले. मग ते मणी पेटीत, नळीच्या बरोबर खाली धरले.

पांढरे. थोडं थांबले. तरीही पांढरेच!

“नळी संपली असेल,” प्रोफेसर म्हणाला. “दिसायला चालू राहते, पण जुनी झाली की किरणं कमी होतात. म्हणून ती ठरावीक काळाने बदलावी लागते.”

टिल्लू मात्र स्टुलावर चढून पेटीच्या झाकणाची जाळी चाचपत होता. “इथं काहीतरी गुळगुळीत लागतंय! नळी आणि जाळीच्या मध्ये कसला तरी कागद आहे. आरपार दिसणारा!”

त्याने नखाने चिकटपट्टी सोडवून कोपरा उचलला. उजेडात काडीचाही फरक पडला नाही. पण भिंगरीच्या तळहातावरचे मणी आधी गुलाबी झाले आणि बघता बघता जांभळे!

“कुणीतरी दाढोबाचा उजेड अडवलाय!” ती ओरडली.

“कुणीतरी नाही,” प्रोफेसर हळूच म्हणाला. तो कागद त्याच्या ओळखीचा होता. दिव्यांपुढे लावायचे असले कागद बाबांच्या खणात गुंडाळ्यांनी भरलेले असत.

मामा जेवून खाली आला, तेव्हा कागद टेबलावर होता आणि तिघं ओळीने उभे होते.

“कुणी काढला हा?” मामा गरजला. “त्या नळीमुळे पांढरे कपडे निळसर दिसायचे फोटोत! शाळेचे गणवेश, नवरीचे झगे, सगळ्यांची वाट लागायची. म्हणून मुद्दाम अतिनील किरणं गाळणारा कागद लावलाय. महागातला आहे!”

“पण मामा, दाढोबाला तीच किरणं हवी असतात!”

“भिंगरे, तुझ्या जन्माआधीपासून मी या उजेडावरच पोट भरतोय. मला उजेड शिकवतेस? दिसतंय ना त्याला सगळं स्वच्छ?”

“त्याला दिसायला नकोय, त्याला—”

“पुरे!”

आणि कागद परत चिकटला. मामी जिन्यात उभी होती. प्रोफेसरचे कान लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला आला. बुरूज, झेंडे, तोफा! खेळण्यांच्या दुकानाचे मालक मागून येतो म्हणाले होते. मामाने एकामागून एक प्रखर दिवे लावले, द्राक्षांची वाटी घेतली आणि पेटीकडे वळला. पेटी रिकामी!

“दाढोबा कुठाय?”

उत्तरादाखल कपडे बदलायच्या खोलीची कडी लागली. खाडकन! आणि ती लावली होती चक्क प्रोफेसरने.

“दार उघड!”

“नाही उघडणार, बाबा.”

मामा दोन पावलं मागे सरला. हा आवाज त्याने मुलाच्या तोंडून कधी ऐकलाच नव्हता.

“आधी डॉक्टर, मग दार!” आतून भिंगरी ओरडली. “आम्ही फोन केलाय. प्राण्यांच्या डॉक्टरबाई निघाल्यात!”

“न विचारता?”

“काल विचारलं होतं! तू ‘पुरे’ म्हणालास!”

“टिल्लू, तू तरी शहाणा आहेस ना? बाहेर ये, आइस्क्रीम देतो!”

आतून टिल्लूचा रडवेला आवाज आला, “कुठलं?... नाही! कुठलंही असलं तरी नाही!”

“अगं, तू तरी सांग यांना!” मामा मामीकडे वळला.

मामी दाराशी आली. तिने हात वर केला, पण दार वाजवलंच नाही. “अहो,” ती म्हणाली, “मी महिनोन् महिने त्या जिवाची मान वर ओढतेय, ती काय हौस म्हणून? पहिल्यांदा वाटलं, त्या दिवशी झोपेत असेल. मग रोजच ओढायला लागले. फोटोत तो छान दिसायचा, आणि मग मी पेटीकडे बघायचंच सोडून दिलं. पुडीचा डबाही मीच सारला कपाटामागे. राहू दे बंद ते दार. डॉक्टर येऊ देत.”

आतल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामी आपल्या बाजूने!

डॉक्टरबाई आल्या, तेव्हा कुठे कडी निघाली. त्यांनी दाढोबाला तळहातावर घेतलं, जबडा हलकेच दाबून पाहिला, पाय तपासले. थरथर त्यांनाही दिसली.

“हाडं मऊ पडायला लागली आहेत,” त्या म्हणाल्या. “सावरेल. औषध देते. पण नीट उजेड आणि नीट खाणं मिळालं तरच. आणखी उशीर झाला असता, तर हा पुन्हा चालला नसता. हे लक्षात कुणी आणून दिलं?”

“मण्यांनी,” टिल्लू म्हणाला.

मग त्यांनी सगळी हकिकत ऐकली. मणी पाहिले, डबा पाहिला, द्राक्षांची वाटी पाहिली. “शाब्बास! मोठी माणसंसुद्धा दिवा लागलेला दिसला की निर्धास्त होतात. तुम्ही खात्री करून घेतलीत. आणि कडी लावलीत, तेही बरंच केलंत!” त्यांनी पेटीचं झाकण उचललं. “हा कागद मात्र आजच निघाला पाहिजे. लावला कुणी?”

मामी पंख्याकडे बघू लागली. टिल्लू बुटाची नाडी बांधू लागला. बूट बिननाडीचे होते. भिंगरीच्या जिभेवर उत्तर अगदी तयार होतं. सकाळपासून ती मनात येईल ते बोलत होती. पण तिने मामाचा चेहरा पाहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलवेना.

नेमके तेवढ्यात खेळण्यांच्या दुकानाचे मालक आत शिरले. “वा! किल्ला तर झकास दिसतोय! आणि आमचे ड्रॅगनसाहेब? अरे, हे असे आडवे का?”

“ते जरा...” मामी म्हणाली.

“सकाळची वेळ आहे ना...” टिल्लूने मदत केली.

“दमलाय होय?” मालक हसले. “हरकत नाही! विश्रांती घेऊ दे, दुपारी काढू. किंवा असं करा, फोटो आत्ताच काढा आणि मान मागाहून नीट करा. ते जमतं ना तुम्हाला?”

मामाने कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. एकेक करत किल्ल्यावरचे प्रखर दिवे बंद केले. मग तो प्रोफेसरशेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने एक बोट दाढोबाच्या पाठीवर अलगद टेकवलं.

“आज फोटो नाही. दुपारीही नाही,” तो म्हणाला. “तो दमलेला नाही, साहेब. आजारी आहे. आणि त्याला आजारी मी पाडलंय.”