निळ्या ठिपक्याचे फ्यूज

"माह्या बाबानं माह्या नवऱ्याले मारलं का, एवढंच सांगा मॅडम," काजल म्हणाली. तिचं रडणं संपून गेलं होतं. खुर्ची पुढे केली तरी ती बसेना.

खामगावात खासगी तपासाची पाटी लावून अश्विनी तायडेला सहा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक यायचं ते बहुतेक सोयरिकीआधी मुलाची चौकशी करायला. असलं प्रकरण पहिलंच. तिचे मामा, निवृत्त तलाठी उत्तमराव, शेजारी बसले होते. ते स्वतःला मदतनीस म्हणवत; मदत कमी आणि घाई जास्त!

काजलनं सांगितलं ते असं. तिचे वडील इंद्रभान नांदुरा रोडवरच्या एका चारमजली इमारतीचे व्यवस्थापक. लिफ्ट, पंप, जनरेटर, साफसफाई, सगळं अठरा वर्षं त्यांच्याच अंगावर. काजलचा नवरा गणेश तिथंच वायरमन. मंगळवारी सकाळी नऊला तो गच्चीवरच्या खोलीत लिफ्टची मोटर खोलून बसला. इंद्रभान रेल्वेनं आलेलं पार्सल सोडवायला नांदुऱ्याला गेले. अकराच्या सुमारास गणेशला शॉक लागला आणि तो जागीच गेला.

"बाबा म्हणतात, म्या विसरलो. मेन बंद केला नाही, फ्यूजही काढायले लावले नाही. उद्या ठाण्यात तसंच लिहून देऊन राह्यले."

"मग संपलं की," उत्तमराव म्हणाले. "माणूस स्वतः कबूल करतोय."

"घरचा गॅस बंद केला का, हे तीनदा पाहणारा माणूस हाये थो!" काजल उसळली.

"दवाखान्यातून गणेशचं काय सामान मिळालं?" अश्विनीनं विचारलं.

काजलनं पिशवी उलटी केली. रुमाल, टेस्टर आणि चिनीमातीचे तीन फ्यूज. तिन्हींवर तांबड्या रंगाचा एकेक ठिपका.

"हे पॅन्टच्या खिशात होते. नेहमीचंच. धुताना खिशातून मीच काढत होती."

अश्विनी लगेच उठली.

इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टचा बोर्ड होता. मेन स्विच आता बंद होता, पण तिन्ही फ्यूज जागेवर बसलेले. तिन्हींवर निळा ठिपका. बाजूच्या खोलीत इंद्रभानच्या टेबलाखाली रंगाचे छोटे डबे होते, तांबडा, निळा, पिवळा. भिंतीवर पंपखोलीची चावी टांगलेली.

सफाई करणाऱ्या जनकाबाई बादल्या वाहून घामाघूम झाल्या होत्या.

"नळाले पाणी नाही का मावशी?"

"कुठलं बाई! पंप रोज अकराले लागते. मंगळवारी लागलाच नाही. गणेश गेला, इंद्रभानभाऊ घरी बसले, पाहणार कोण? टँकर बोलावून राह्यले."

"मंगळवारी अकराच्या सुमारास खाली कोण आलं होतं?"

"हॉलवाले गोपालभाऊ उतरले ना जिन्यानं दोनदा, वर साखरपुडा होता. दुसऱ्या खेपेले फोनवर बोलत. 'निळ्या ठिपक्याचे का? बरं, बरं,' म्हणे."

"हॉलच्या सजावटीचं कापड असेल," उत्तमरावांनी निकाल दिला.

गोपाल हा मालकाचा पुतण्या. चौथ्या मजल्यावरचा हॉल तो सांभाळत असे. "सकाळपासून मी वरच होतो मॅडम. खाली पायही ठेवला नाही."

"मंगळवारी साखरपुडा होता ना? आचाऱ्याची भांडी कशी चढवली?"

"थेच तर! पाहुणे बाराले येणार अन् पातेले खालीच. मी इंद्रभानले दहादा म्हटलं होतं, आज लिफ्ट पाहिजे."

इंद्रभान घरी भेटले. चार दिवसांची दाढी वाढलेली. "म्या विसरलो. लिहून घ्या."

"नांदुऱ्यात असताना कोणाचा फोन आला होता?"

त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आठवत नाही."

संध्याकाळी अश्विनीनं सगळ्यांना पंपखोलीत बोलावलं आणि पंपाचा बोर्ड उघडला. फ्यूजच्या तिन्ही जागा रिकाम्या.

"इंद्रभानकाका, तुम्ही विसरला नाहीत. मेन चालू असता तर गणेश नऊ वाजताच गेला असता. तो दोन तास काम करत होता, कारण वीज बंद होती. खालून कुणी चालू करू नये म्हणून वायरमन फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवतो. गणेशनंही ठेवले. प्रत्येक बोर्डाच्या फ्यूजला तुम्ही वेगळ्या रंगाचा ठिपका दिलाय; तांबडा, म्हणजे लिफ्टचे. मग बोर्डात निळे कुठून आले? पंपाचे. म्हणूनच अकराला पंप लागला नाही."

उत्तमरावांचा चेहरा पडला. "म्हणजे ते सजावटीचं कापड नव्हतं..."

"नव्हतं मामा. खाली पायही न ठेवलेले गोपालभाऊ फोनवर फ्यूजबद्दल बोलत जिना उतरत होते. लिफ्टचे फ्यूज नाहीत, एवढंच यांनी पहिल्या खेपेला पाहिलं. का नाहीत, ते कळलं नाही. पंपाचे काढून बसवले आणि मेन चालू केला."

गोपाल भिंतीला टेकला. "मले वाटलं, गणेश चाय प्यायले गेला. पाहुणे येऊन राह्यले होते हो..."

"गच्चीवर जाऊन पाहायला चार मिनिटं लागली असती. आणि नंतर चार दिवस तुम्ही एका म्हाताऱ्याला गुन्हा स्वतःवर घेऊ दिलात."

काजल वडिलांकडे वळली. "बाबा, तुमाले माहीत होतं?"

"आलो तसा बोर्ड पाहिला, अन् समजलं."

"मंग खोटं काऊन बोलले?"

इंद्रभाननी पंपाच्या बोर्डाचं झाकण लावलं.

"गोपालभाऊचा फोन मलेच आला होता, पोरी. 'फ्यूज कुठं भेटतीन?' म्हणे. म्या म्हटलं, पंपाचे घ्या, निळ्या ठिपक्याचे, एकाच मापाचे हायेत. कशाले पाहिजे, हे इचारलं नाही. अठरा वर्षांत मालकाच्या माणसाले कधी 'काऊन' म्हटलंच नाही म्या. गणेश वर हाये, हे मले माहीत होतं. पण तोंडातून 'हो साहेब' निघून गेलं. हे तुले कसं सांगू? त्यापेक्षा विसरलो म्हणणं सोपं होतं."



"विसरलेल्या बापाले म्या माफ केलं असतं," काजल म्हणाली. "चला ठाण्यात. दोघंही चला. जे झालं थेच लिहून द्या."

गोपालला उत्तमरावांनी दंडाला धरून बाहेर काढलं. काजल एकटीच पुढे निघाली. इंद्रभाननी एकदा हाक मारली, पण ती थांबली नाही. मग ते तिच्या मागोमाग चालू लागले, आणि ठाण्यापर्यंत त्यांनी ते अंतर कमी केलं नाही.