शेजारची खुर्ची

हसू नकोस, अमोघ. आणि तो मोबाइल बंद कर, नाहीतर मी सांगतच नाही. धनाजीराव माझ्या ओळखीचे, रिफायनरीत आम्ही एकाच पाळीला होतो.

मागच्या मार्गशीर्षातली अमावास्या, शनिवार. बायको सुनेत्राबाई गेल्यापासून धनाजीराव मुलाकडे भरूचला राहतात. त्या संध्याकाळी ते बडोद्याला आले, अलकापुरीत प्रतापसिंहाचं गाणं ऐकायला. तिकिटं मात्र दोन काढली. सुनेत्राबाईंशिवाय गाण्याला जायची सवयच नव्हती त्यांना.

हा प्रतापसिंह बाईंचाच शिष्य. निजामपुऱ्यात त्यांच्या घरी जेवूनखाऊन शिकला. शेवटच्या आजारात बाईंनी एक बंदिश बांधली आणि त्याला दिली. म्हणाल्या, "गा, पण माझं नाव घेऊन गा." गुरूचं नाव घेताना गवई कानाच्या पाळीला हात लावतात ना, तसा हात लावून त्यानं शब्द दिला होता. धनाजीरावांना तेवढंच ऐकायचं होतं. भरल्या सभेत तिचं नाव.

मध्यंतरानंतर प्रतापसिंह माइकवर म्हणाला, "आता माझी स्वतःची एक बंदिश."

कानाला हात नाही. नाव नाही. नालायक माणूस! धनाजीरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सुनेत्रा, ऐकलंस?" ते पुटपुटले आणि शेजारी वळले.

तिथली खुर्ची रिकामीच होती. उठलं की आपोआप मिटते, तसली. पण ती... उघडलेली होती.

काय म्हणालीस, आकांक्षा? कोणी बसलं असेल ने? कोणी नव्हतं, बेटा.

मग ती खाडकन मिटली. कुणी रागानं उठावं तशी.

प्रतापसिंह गायला लागला. एक ओळ झाली. दुसरी... मध्येच तुटली. त्याची मान उजवीकडे खेचली गेली. दोन्ही हात कानाशी गेले. काहीतरी सोडवत होता. तिथं काहीच नव्हतं. तबला थांबला.

"सोडा..."

माइक चालू होता.

"सोडा, सुनेत्राबाई... बंदिश तुमचीच..."

बस. त्यानंतर शब्द नाही. आजतागायत नाही. डॉक्टर म्हणतात, घशात काही दोष नाही. मला विचाराल तर बरं झालं. धनाजीराव त्या रात्री भरूचला जाऊन शांत झोपले.

गेल्या रविवारी मी प्रतापसिंहाला पाहून आलो. उजव्या कानाच्या पाळीवर नखांच्या दोन खुणा आहेत, बारीक, बाईमाणसाच्या. वर्ष होत आलं...

अजून खपली धरलेली नाही.