कोरा वाचक

कुमारांसाठी हाताने विज्ञानकथा लिहिणाऱ्या आता एकट्या तेजस्विनी नाईकवडी उरल्या होत्या. बाकीच्या गोष्टी यंत्रं लिहीत, आणि वाचायला खरं पोर एकही नव्हतं. तरी छपाईआधी पुस्तक 'छायावाचका'ला दाखवावंच लागे. छायावाचक म्हणजे चौदा वर्षांच्या एका वाचनवेड्या मुलीच्या मेंदूची यंत्रात उतरवलेली हुबेहूब नक्कल. ती रमली तर पुस्तक पास. मग तिला पुसायचं आणि पुढच्या पुस्तकासाठी मूळ प्रतीवरून नवी काढायची, म्हणजे वाचक कायम कोरा.

हे पुसणं बाईंना नवं पुस्तक दाखवायला आल्या त्या दिवशीच कळलं. यानात एकटी अडकलेल्या मुलीची त्यांची तीनशे पानं नकलेने अर्ध्या मिनिटात वाचली. बाईंनी या वेगाचं कौतुकही केलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली, "आजी, ती घरी येते ना?"

असं त्यांना वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाईंचा जीव गलबलला. हिला पुसू नका, अशी गळ त्यांनी यंत्र सांभाळणाऱ्या डॉ. अत्तारांना घातली. गोष्ट संपेपर्यंत पुसता येत नाही, एवढाच नियम डॉक्टरांनी सांगितला. बाई मनात हसल्या. मासिकांत जन्मभर लिहिलेला शब्द त्यांनी शेवटच्या ओळीखाली लिहिला: क्रमशः. आपण लिहीत राहू तोवर पोर जगेल, असा त्यांचा हिशोब होता.

पुढचं प्रकरण त्यांनी घरी बसून जीव ओतून लिहिलं. त्याला आठ दिवस लागले.

त्या परतल्या तेव्हा डॉक्टर त्यांच्याकडे बघेनात.

"तिचा मेंदू हजारपट वेगाने चालतो, बाई. आपला एक दिवस म्हणजे तिचे हजार. हल्ली पुढचा भाग मिनिटात येतो. तुम्ही हाताने लिहिता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

"म्हणजे किती झाले?"

"बावीस वर्षं. एकटीच होती. वाचायलाही दुसरं काही नव्हतं."

बाईंनी नवं प्रकरण यंत्रात घातलं. ते न वाचताच उत्तर आलं.

"बाई, यानातल्या त्या मुलीला मी पहिल्याच वर्षी मनात मारून टाकलं. तुमचा तो शब्द तेवढा खोडा."

बाईंनी तो खोडला आणि 'समाप्त' लिहिलं. पडदा कोरा झाला.

पुस्तक पास झालं. प्रकाशकाने यंत्राच्या अहवालातली एक ओळ मुखपृष्ठावर ठळक छापली: 'कुमार वाचकाने या कथेच्या पुढच्या भागाची बावीस वर्षं वाट पाहिली.'