खालचा बाण

नणंदेला विणकामाची गोडी लावली ती वहिनीनंच. पण हात बसल्यावर नणंदेच्या सुया अशा चालायला लागल्या, की वहिनीला स्वतःचं विणकाम गोणपाटासारखं वाटू लागलं.

दोघी विणकामाच्या एकाच ऑनलाइन ग्रुपमध्ये होत्या. तिथं प्रत्येक फोटोखाली दोन बाण होते. आवडलं तर वरचा दाबायचा, नाहीतर खालचा. सुरुवातीला ज्याला वरचे बाण मिळत, ते दिवसभर सगळ्यांच्या नजरेसमोर राही. सुरुवातीलाच खाली गेलं, ते गेलंच. एका सकाळी नणंदेनं निळ्या शालीचा फोटो टाकला. तो दिसताक्षणी वहिनीनं खालचा बाण दाबला. मग एकीनं दाबला म्हणून दुसरीनं, दुसरीनं दाबला म्हणून तिसरीनं. दुपारपर्यंत शाल तळाला गेली.

"कुणी बघितलीच नाही, वहिनी," नणंद म्हणाली. जगाची रीतच अशी, म्हणून वहिनीनं तिची समजूत घातली.

त्याच आठवड्यात थांब्यावर नणंद एकटी उभी असताना बस न थांबता निघून गेली. दुकानदार तिला ओलांडून मागच्या गिऱ्हाईकाशी बोलला. घरी येऊन तिनं हसत हसत सांगितलं. मग एकदा जेवताना वहिनीच्या नवऱ्यानं, म्हणजे नणंदेच्या सख्ख्या भावानं, दोनच ताटं घेतली. वहिनीनं तिसरं मांडलं, तर त्यानं विचारलं, "कुणी येणार आहे का?"

नणंद त्याच्यासमोरच बसली होती.

"अहो, तुमची बहीण," वहिनी म्हणाली. त्यानं काळजीनं तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

वहिनीनं बाण काढून घेतला, शालीचं तोंडभरून कौतुक लिहिलं. पण तळाशी ते वाचायला होतं कोण? नणंदेच्या ऑफिसात तिच्या खुर्चीवर दुसरीच बाई बसू लागली. शेवटी, सगळं सांगून टाकायचं ठरवून, वहिनी तिच्या खोलीत गेली.

नणंदेनं तिचा हात धरला. बोटं गार होती.

"तुम्ही आहात म्हणून, वहिनी. नाहीतर माझ्याकडे बघतंय कोण?"

वहिनी तिच्या अंगावर पांघरूण घालून, काही न सांगताच बाहेर आली.

पुढच्या महिन्यात नवऱ्यानं ती खोली भाड्यानं द्यायचं काढलं. बघायला एक नर्स आली. नणंद पलंगावर विणत बसली होती.

"रिकामीच आहे ना?" नर्सनं विचारलं.

नवऱ्यानं वहिनीकडे पाहिलं. नणंदेनंही पाहिलं.

"हो," वहिनी म्हणाली.

नर्स खिडकीकडे निघाली. नणंदेनं पाय आखडून तिला वाट करून दिली.