बारावं नाव

आपण मेलो आहोत हे तिला मंगळवारी सकाळी, दवाखान्यात जाता जाता कळलं.

चौकात ताडपत्रीच्या आडोशाला लढाईत गेलेल्यांच्या नावांचा काळा दगड उभा राहत होता. अकरा जण गेले होते. सहावा तिचा नवरा. नाव नीट आलंय ना बघायला ती वाकली आणि वाचत वाचत खाली गेली. नावं बारा होती. बारावं तिचं.

"सरका जरा," दगडामागून कुणीतरी म्हणालं. "उजेड अडतोय."

पाथरवट होता. भुवयांपासून मिशीपर्यंत भुकटीनं माखलेला, कानावर खडू.

"हे शेवटचं नाव कुणाचं?" तिनं विचारलं.

"होत्या कुणी बाई. फार त्यागी होत्या म्हणतात. कधी वारल्या ते यादीत नाही."

"अजून वारल्या नाहीत."

त्याची छिन्नी थांबली. आधी त्यानं तिच्या पावलांकडं बघितलं, सरळ आहेत ना म्हणून. मग तोंडाकडं.

"म्हणजे तुम्ही…"

"हो."

"मग मी — जरा लवकरच कोरलं म्हणायचं."

तिला संताप यायला हवा होता. तिला हसू आलं. आणि हसू आलं म्हणून मग संताप आला.

चूक त्याची नव्हती. यादी समितीची. बारा वर्षं प्रत्येक समारंभात अकरा मेलेल्यांच्या मागोमाग तिचं नाव वाचलं जायचं. लिहिणाऱ्यानं त्याच ओघात लिहून टाकलं. पहिल्या रांगेत खुर्ची, हातात रुमाल, तिनं डोळे टिपले की फोटो. वीरपत्नी वीरपत्नी करत गावानं तिला जिवंतपणीच खुंटीला टांगलं होतं. संसार किती झाला होता? चौदा महिने, त्यात नवरा घरी सव्वादोन. त्या सव्वादोन महिन्यांच्या जोरावर तिनं दिराला शिकवलं, नणंदेचं लग्न लावलं, सासूबाईंचे गुडघे सांभाळले आणि दवाखान्यात नर्स म्हणून अख्ख्या गावाला सुया टोचल्या. गावातला असा एक पुढारी नव्हता, ज्याची पाठ आणि पाठीखालचा मुलूख तिनं पाहिला नव्हता. खुर्चीवर बसवणाऱ्यांपैकी एकानंही मात्र तिला कधी विचारलं नाही, बाई, तुझं कसं चाललंय?

ती तडक समितीच्या अध्यक्षांकडं गेली. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की दगड आहे, पाटी नाही पुसायला. शिवाय कधी ना कधी सगळ्यांनाच जायचंय. नाव आधीच तयार असलं तर बिघडलं कुठं? आणि ज्या बाईचं नाव त्या दगडावर, तिनं आता त्या नावाला शोभेल असंच राहायचं. गावाची तेवढी अपेक्षा असणारच.

तेव्हा तिला नीट कळलं. नाव तिथं राहिलं तर चौतिसाव्या वर्षी ती खरंच मेली.

ती परत चौकात आली. पाथरवटानं दोन उपाय सांगितले. एक, अक्षरांत भुकटी आणि डिंक भरायचा. दोन पावसाळे टिकेल, मग बाई पुन्हा वारतील. दुसरा, अख्ख्या दगडाचं तोंड बोटभर खाली उतरवायचं आणि अकरा नावं नव्यानं कोरायची. अनावरणाला नऊ दिवस होते.

"होईल?" तिनं विचारलं.

"एरवी झालं नसतं. पण मारलं मी आहे तुम्हाला, उठवायलाही मलाच लागेल."

मग ती रोज संध्याकाळी कामावर देखरेख करायला जाऊ लागली. देखरेखीला थर्मास लागतो, हे तिला दुसऱ्या दिवशी सुचलं. तो ओळी आखायचा, ती दोरीचं दुसरं टोक धरायची. दोरी सरळ असायची, नजरा नसायच्या. चौथ्या दिवशी कपची उडून त्याचा अंगठा फाटला. दवाखान्यात सुई बघताच हा सहा फुटांचा गडी भिंतीला टेकत टेकत खाली बसला.

"दगड फोडता आणि सुईला भिता?"

"दगड उलट टोचत नाही, बाई."

सहाव्या दिवशी नवऱ्याच्या नावाची ओळ आली. त्यानं छिन्नी लावली, पुन्हा बाजूला ठेवली.

"कसे होते हे?"

बारा वर्षांत ते कसे गेले हे सगळ्यांनी विचारलं होतं. कसे होते, हे कुणीच नाही. तिनं सांगितलं, की पत्ते खेळताना लबाडी करायचे. घोरायचे इतके की शेजारचा भिंत ठोकायचा. चिडले की भांडी घासायला बसायचे. सांगता सांगता ती हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. फोटो काढायला कुणी नव्हतं. पाथरवट खाली मान घालून ते एक नाव संध्याकाळभर कोरत राहिला, इतक्या हळू, की जणू खाली कुणी झोपलंय.

गाव काही आंधळं नव्हतं. अध्यक्ष सासूबाईंकडं आले, सुनेचं सांगितलं, घराण्याच्या नावाचं सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "मुलगा माझा गेलाय. सून जिवंत आहे. मला दोन्ही वेगवेगळं मोजता येतं. तुमच्या समितीला जमत नाही वाटतं."

अध्यक्ष गेल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली.

"त्याला साखर किती लागते गं?"

"कुणाला?"

"थर्मासबरोबर दोन कप जातात आणि दोन्ही धुवायला येतात. गुडघे गेलेत माझे, डोळे नाही."

अनावरणाला दगडावर अकरा नावं होती. अध्यक्षांनी बघितलं आणि भाषणाचा कागद हातात चुरगळला. पहिल्या रांगेतली खुर्ची रिकामी. ती मागं उभी होती, पाथरवटाच्या शेजारी. अध्यक्ष तरातरा आले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, की आपल्या जागी येऊन बसा.

"उद्या तुमचं इंजेक्शन आहे," ती शांतपणे म्हणाली. "मीच देणार आहे."

अध्यक्ष ज्या पावली आले त्याच पावली परत गेले. भाषण तीन मिनिटांत आटोपलं.

गर्दी पांगल्यावर पाथरवटानं पोत्यात गुंडाळलेली एक पाटी काढली. दारावर लावायची, त्याच काळ्या दगडाची. वर तिचं नाव कोरलेलं. खाली जागा मोकळी.

"ही जागा?" तिनं विचारलं.

तो कानावरचा खडू काढून बोटात फिरवत बसला. "एकदा यादीवर विश्वास ठेवून चुकलो… आता माणसाला विचारल्याशिवाय कोरत नाही. तर — विचारतोय."

तिनं दगडाकडं बघितलं. सहाव्या ओळीकडं. मग त्याच्याकडं.

"आधी खडूनं लिहा," ती म्हणाली. "बघू, शोभतंय का."

त्यानं तिच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं. त्याच्या पिशवीतली छिन्नी घेऊन तिनं खडूच्या पहिल्या अक्षरावर टेकवली, आणि हातोडी त्याच्याकडं दिली.

"थांबा जरा," मागून काठी टेकत सासूबाई म्हणाल्या. "तिसऱ्या नावाला जागा ठेव रे. मी कुठं मेलेय अजून."