देवाच्या कपाटावरचा इस्त्रीचा डाग

सकाळची पूजा आटोपून चिंतामणशास्त्री देवाचं कपाट पुसायला गेले आणि ओरडलेच. दारावर चिकटवलेला शिसवीचा पातळ पापुद्रा पटाशीनं फोडलेला. शेजारी इस्त्रीचा काळा डाग. आतल्या खाचेतली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गायब.

साल १९४३. दरोड्यांच्या भीतीनं वाईच्या त्या देवळानं माळ खाचेत ठेवून वर पापुद्रा चिकटवला होता. जागा तिघांनाच ठाऊक : शास्त्री, पंच विष्णुपंत आणि सुतार अर्जुना. संशय तिघांवर आला, बेड्या एकालाच पडल्या. सुताराला.

फौजदार लालासाहेबांनी विचारलं, "शास्त्रीबोवा, पापुद्रा कशानं चिकटवला हुता?"

"दूध-चुन्याच्या लुकणानं. मीच बजावलं होतं. सरस हाडाकातड्याचा, देवाला चालत नाही."

"अगदी तसंच झालं," विष्णुपंत म्हणाले. "मी जातीनं उभा होतो."

अर्जुनाच्या घरी सरसाच्या वड्यांची पुडी सापडली. दोऱ्याची गाठही सुटली नव्हती.

"ही कुणाची रं?"

अर्जुनानं आधी दाराबाहेर कुणी आहे का ते पाहिलं.

"बोल गड्या. न्हाईतर साताऱ्याचा तुरुंग हाय."

"पंतांनी दिली, सायेब. म्हनलं, लढाईत दूध माणसाला न्हाई, लाकडाला कुठलं? हे लाव, बोलू नगंस."

"मग?"

"देवाला हाडं कशी लावू? घरच्या गाईचं दूध नासवलं, चुना घातला. चिकटवताना पंत हजर नव्हते, त्यांस्नी सांगितलं न्हाई. देवळाचं काम ग्येलं तर पोरं खातील काय?"

दुपारी लालासाहेबांनी सगळ्यांना मंडपात बसवलं.

"ओल्या फडक्यावर इस्त्री फिरवली की सरस सुटतो. पापुद्रा अलगद निघतो, परत बसवता येतो. कुणाला पत्ता लागत न्हाई. दूध-चुना वाळला की इस्त्रीला दाद देत न्हाई. चोरानं इस्त्री दाबली, लाकूड करपलं, मग वैतागून पटाशी घातली. म्हंजे आत सरसच हाय, अशी त्याची खात्री होती. अर्जुनाला खरं ठाऊक. शास्त्रीबोवांनाही दूधच ठाऊक. सरसाची खात्री जगात एकालाच. पंत, इस्त्री घरचीच का?"

पंतांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. माळ त्यांच्या देवघरात निघाली.

पंचांची बैठक बसली. विष्णुपंतांनी प्रायश्चित्त घेतलं, देवळानं तक्रार मागं घेतली. आठव्या दिवशी सुटलेला अर्जुना हत्यारांची पिशवी घेऊन देवळात आला. कपाटाच्या दाराशी सांगलीचा नवा कारागीर बसला होता.

"अर्जुना, तुझ्या कामाला नावं ठेवायला जागा नाही," शास्त्री हळहळून म्हणाले. "पण 'सरस लाव' हा पंचांचा शब्द मोडणारा माणूस देवळाला कसा चालेल?"

कारागिराला मापं सांगत विष्णुपंत जातीनं उभे होते.